टण्ण वाजणारा नारळ

"अगं, मार की! बॅट काय पूजेला आणलीयस?" चक्री लांबून ओरडला आणि धावत येऊन त्यानं चेंडू टाकला.

वेन्नेलानं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू सात फुटी भिंतीवरून पलीकडे गेला आणि भूपाल रावांच्या हिरवळीवरच्या नारळाला लागला.

टण्ण!

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"ऐकलंस?" वेन्नेला म्हणाली.

"ऐकलं. षटकार दिला तुला. आता चेंडू आण."

"षटकार गेला खड्ड्यात! नारळ वाजला, चक्री! देवळातली घंटा वाजावी तसा!"

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि भिंतीवर भूपाल रावांचं डोकं उगवलं. व्हाइट ऑर्किड एन्क्लेव्ह हे व्हेंचर, म्हणजे प्लॉट पाडून विकलेली वसाहत, त्यांनीच उभं केलं होतं. पूर्वी इथं ज्वारी पिकायची. मग भूपाल रावांनी त्या शेताचे प्लॉट केले, दारात सिमेंटचे दोन हत्ती असलेली कमान बांधली आणि सर्वांत मोठा प्लॉट स्वतःला ठेवला. ऑर्किडचं फूल इथं कुणी पाहिलेलं नव्हतं. पांढरं म्हणावं असं एकच होतं, उन्हाळ्यातली धूळ.

"रस्ता काय खेळायला आहे?" भूपाल राव गरजले.

"रस्ता जायला असतो, सार," वेन्नेला म्हणाली. "पण हा कुठं जातच नाही ना!"

"तोंड बघ केवढं चालतं! माझ्या झाडाला लागलं असतं म्हणजे?"

"लागलंच. टण्ण वाजलं."

भूपाल रावांनी आधी मागे वळून नारळाकडे बघितलं. मग म्हणाले, "मलेशियाचा नारळ आहे तो. त्यांचं लाकूड कडक असतं. चेंडू मिळणार नाही. चला, निघा!"

डोकं मावळलं.

"मलेशियात लोखंडाचं लाकूड असतं?" चक्रीनं विचारलं.

"असेल. आणि डोकी सिमेंटची असतील," वेन्नेला म्हणाली.

पण तिला हसू आलं नाही. ती भिंतीकडे बघत होती.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली तेव्हा ही भिंत नव्हती. रोड नंबर चार सरळ भूपाल रावांच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत यायचा, तिथं डावीकडे वळायचा आणि बंगल्याच्या कडेनं तुम्मलकुंटा या जुन्या गावात जायचा. गावाच्या तोंडाशीच हायस्कूल. वेन्नेलाच्या घरापासून चार मिनिटं. लग्नसराईत ती दहा दिवस वरंगलला अत्तेकडे, म्हणजे आत्याकडे गेली आणि परत येते तो रस्त्यावर निळी ताडपत्री. ताडपत्री निघाली तेव्हा मागे भिंत होती. वळणाची हिरवळ झाली होती आणि हिरवळीवर एक नारळ उभा होता. भूपाल रावांनी आपलं फाटक मागच्या रोड नंबर तीनवर नेलं होतं.

आता शाळेत जायचं तर कमानीतून बाहेर पडायचं, लॉऱ्यांच्या हायवेनं चालायचं, गोल्डन मेडोज नावाच्या दुसऱ्या व्हेंचरला वळसा घालायचा, कारण त्याचेही सगळे रस्ते भिंतीत संपत होते, आणि मग गावात शिरायचं. साडेतीन किलोमीटर! घराच्या गच्चीवरून शाळेच्या भिंतीवरचे पाढे वाचता येत होते.

वेन्नेलाचे वडील मस्कतला नोकरीला होते. अम्मा घरी ब्लाउज शिवायची. तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "लॉऱ्यांच्या रस्त्यानं मी पोरीला पाठवणार नाही. बारा जूनला शाळा उघडते. त्याआधी भिंत गेली तर ठीक, नाहीतर वरंगलला अत्तेकडे राहायचं आणि तिथल्या शाळेत जायचं."

बारा जूनला आता सतरा दिवस उरले होते.

"ए वेन्नेला! चक्री! मेलात का जिवंत आहात?"

हा आवाज फरहीनचा. ती तुम्मलकुंट्याच्या बाजूला राहायची. हिरवळीच्या पलीकडेही एक भिंत होती आणि त्या भिंतीला लागून फरहीनची गच्ची. दोन्ही बाजूंनी ओरडलं की भूपाल रावांच्या हिरवळीवरून बोलणं व्हायचं. भूपाल रावांना ते अजिबात आवडायचं नाही, म्हणून तिघं रोज बोलायची.

"फरहीन, तुला तिथून तो नारळ नीट दिसतो का?" वेन्नेलानं दोन्ही हात तोंडाशी धरून विचारलं.

"हौ! रोज बघते. एक पान पिवळं पडलं नाही की एक नारळ धरला नाही. पानं धुतात त्याची. फडक्यानं!"

"आणखी काय दिसतं?"

"कावळा दिसतो. तारेवर बसलाय."

"कुठल्या तारेवर?"

"अगं, तुमच्याकडून तार येते, नारळाच्या पानांत शिरते आणि इकडून बाहेर पडते, त्या तारेवर."

वेन्नेलानं वर बघितलं. चक्रीनंही बघितलं. रस्त्यावरच्या दिव्याच्या शेवटच्या खांबापासून वीज वाहून नेणाऱ्या तारा निघत होत्या, भिंतीवरून जात होत्या आणि सरळ नारळाच्या शेंड्यात गडप होत होत्या.

एन्क्लेव्हमध्ये दोनशे घरं होती. रोज शे-दीडशे मोठी माणसं इथं येऊन भिंतीला शिव्या घालून परत फिरत होती. त्यांतल्या एकानंही मान वर केली नव्हती. करणार कशी? सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये होत्या.

"फरहीन! तुझ्या घराजवळच्या खांबावर नंबर काय आहे?"

फरहीन गच्चीवरून दिसेनाशी झाली आणि लगेच परत आली. "चार, मग तिरकी रेघ, मग नऊ!"

चक्री या बाजूच्या खांबाकडे धावला. पिवळ्या पट्ट्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं, ४/७.

"सात, आणि मग नऊ?" तो म्हणाला. "आठ कुठं गेला?"

"मलेशियाला," वेन्नेला म्हणाली.

*

तातय्या खाटेवर बसून रेडिओ पुसत होते. रेडिओ लागलेला नव्हता. तातय्या म्हणजे अम्माचे वडील राजलिंगम. चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. आता ते फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत.

मागच्या दिवाळीत अम्मम्माच्या, म्हणजे आजीच्या छातीत दुखायला लागलं. अॅम्ब्युलन्स बोलावली. पंचवीस मिनिटं तिचा भोंगा ऐकू येत होता. कधी उजवीकडून, कधी मागून, कधी अगदी भिंतीपलीकडून. ड्रायव्हरच्या फोनवर रस्ता दिसायचा, पुढे कुठल्या तरी व्हेंचरची भिंत निघायची. तो मागे फिरायचा, दुसऱ्या कमानीत शिरायचा, पुन्हा भिंत. गाडी आली तेव्हा तिची गरज राहिली नव्हती. तेव्हापासून तातय्या म्हणायचे, "कुठं जायचंय? इथले रस्ते कुठंच जात नाहीत."

वेन्नेलानं त्यांना सात आणि नऊची गोष्ट सांगितली.

तातय्यांचा हात थांबला. "खांबाचा नंबर उडी मारत नाही, पोरी. खांब पडला, दुसरा लावला, तरी नंबर तोच. मधला खांब काढायचा तर खात्याचं पत्र लागतं. पत्र लागलं की साहेब बघायला येतो. साहेब आला की खांब रस्त्यावर आहे हे त्याला दिसतं."

"म्हणून त्यानं खांब काढला नाही!" चक्री ओरडला. "झाड केलं!"

"रस्ता चोरला. खांब चोरायची छाती नव्हती," तातय्या म्हणाले आणि पुन्हा रेडिओ पुसायला लागले. पण आता ते एकाच जागी पुसत होते.

*

दुसऱ्या दिवशी वेन्नेला आणि चक्री नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनानं त्यांचं बोलणं ऐकलं, म्हणजे ऐकताना मिरची भजी खाल्ली.

"रस्ता होता याला पुरावा काय?"

"आम्ही त्यावरून चालायचो ना, सार!"

"चालणं हा पुरावा नाही. नकाशा आहे?"

"नकाशा तुमच्याकडे असतो ना?"

"फाइल सापडत नाही. नकाशा आणा, तीन प्रती काढा, मोठ्या माणसाची सही आणा." त्यानं बोटं कागदाला पुसली. तो कुणाचा तरी अर्ज होता.

व्हेंचरच्या रहिवासी संघाच्या चिटणिसाकडे गेले तर तो म्हणाला, "भूपाल राव मोठा माणूस आहे. भिंतीमुळे आपली वसाहत सुरक्षित झाली."

"कुणापासून, अंकल?"

"बाहेरच्यांपासून."

"आमच्या शाळेपासून?"

चिटणिसाला एकदम फोन आला. फोन वाजला नव्हता, तरी आला.

"मोठं झाल्यावर असंच होतं का गं?" परत येताना चक्रीनं विचारलं.

"सगळ्यांचं नाही. पण ज्यांचं होतं त्यांना खुर्ची देतात."

घरी आल्यावर अम्मानं वेन्नेलाच्या हातात कागदाचे तुकडे दिले. "हे नीट घडी करून ठेव. सरळाक्काच्या ब्लाउजची मापं आहेत. हरवलेस तर बघ."

जाड, गुळगुळीत कागद. बाहीचा एक, पाठीचा एक, पुढचे दोन. वेन्नेलानं बाही उलटी केली आणि तिचे डोळे मोठे झाले. मागे रंगीत छपाई होती. हिरवा चौकोन, करड्या रेघा आणि एका रेघेवर लिहिलेलं, रोड नं. ४.

"अम्मा! हा कागद कुठला?"

"प्लॉट घेतला तेव्हा भूपाल रावांच्या माणसानं दिलेला. केवढा थोरला होता. फेकायचा कशाला?"

वेन्नेलानं सगळे तुकडे जमिनीवर उलटे मांडले. बाही पाठीला जोडली, पाठ पुढच्या भागाला. व्हाइट ऑर्किड एन्क्लेव्हचा पूर्ण नकाशा तयार झाला! रोड नंबर चार बंगल्याच्या कडेनं वळून तुम्मलकुंट्यात जात होता आणि त्या टोकाशी लाल अक्षरांत छापलं होतं, 'शाळा फक्त ४ मिनिटांवर!' खाली भूपाल रावांचा हात जोडलेला फोटो. ब्लाउजच्या गळ्याच्या जागी तेवढं भोक होतं. तिथं उद्यान दाखवलेलं होतं. त्यानं काही बिघडलं नाही, उद्यान तसंही कधी झालंच नव्हतं.

"ही शाळा दाखवूनच प्लॉट विकला की त्यानं मला!" अम्मा खाली बसली. "आणि मी मूर्ख, त्यावर ब्लाउज कापत बसले!"

"कारकुनाला नेऊन देऊ," चक्री म्हणाला.

"तो यावर भजी ठेवेल," वेन्नेला म्हणाली. "हे अशा माणसासमोर ठेवायचं, ज्याला तिथून पळता येणार नाही."

तसा दिवस आपणहून चालत आला. कमानीवर फलक लागला. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता भूपाल रावांच्या हिरवळीवर सोहळा होता. नगरपालिकेच्या आयुक्त सुगुणा मॅडमच्या हस्ते एन्क्लेव्हला 'आदर्श वसाहत' म्हणून ढाल मिळणार होती! सर्व रहिवाशांना चहा आणि सकिनालू, म्हणजे तांदळाच्या चकल्या.

"मी सरळ उभी राहून विचारते," वेन्नेला म्हणाली.

"आणि तो सरळ सांगेल, मलेशियाचा नारळ," चक्री म्हणाला. "टाळ्या पडतील. मॅडम चहा पिऊन जातील."

खाटेवरून आवाज आला. "दिव्याची तक्रार का नाही करत?"

दोघंही वळली.

"४/८ वरचा दिवा लागत नाही ना? मग तक्रार करा," तातय्या म्हणाले. "वायरमनला तक्रार बंद केल्याशिवाय जाता येत नाही. बंद करायची तर खांबावर चढावं लागतं. चढायचं तर खांब शोधावा लागतो. दुपारी बाराच्या आत तक्रार दिली की ते पाचच्या सुमाराला येतात. चौतीस वर्षं मी असाच पाचला जायचो. तुझी अम्मम्मा चहा झाकून ठेवायची."

त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला. मग म्हणाले, "विजेचं बिल आण. त्यावरचा नंबर विचारतील."

शुक्रवारी साडेअकराला वेन्नेलानं फोन लावला.

"काय तक्रार आहे?" पलीकडून बाईचा कंटाळलेला आवाज.

"दिवा बंद आहे. खांब ४/८."

"खांबाची अवस्था?"

वेन्नेलानं तातय्यांकडे बघितलं. "उभा आहे, मॅडम. थोडी पानं आलीत."

"पानं छाटायला सांगते," बाई म्हणाली आणि तिनं तक्रारीचा नंबर दिला.

*

पाच वाजता हिरवळीवर दीडशे खुर्च्या भरल्या. नारळाच्या बुंध्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. भूपाल राव रेशमी सदऱ्यात होते. सुगुणा मॅडम पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत होत्या. वेन्नेला आणि चक्री तिसऱ्या रांगेत, मध्ये अम्मा, तिच्या मांडीवर पिशवी. फरहीन आपल्या गच्चीवर.

"आमच्या वसाहतीत," भूपाल राव माइकवर बोलत होते, "बाहेरची वर्दळ नाही. रस्ते शांत. निसर्ग जपलाय. हा नारळच बघा!"

सगळ्यांनी नारळाकडे बघितलं. टाळ्या पडल्या.

पाच दहा झाले. वायरमन आला नाही. वेन्नेला सारखी फाटकाकडे बघत होती. पाच पंधरा. मॅडम ढाल द्यायला उठल्या.

"आता?" चक्री कुजबुजला.

"आता मीच..." वेन्नेला अर्धी उठली.

"आले! आले!" गच्चीवरून फरहीन किंचाळली. "शिडी घेऊन आले! आणि तातय्या पुढे आहेत!"

वेन्नेलाचा विश्वास बसेना. बंगल्याच्या फाटकातून तातय्या आत येत होते. पायात जुने रबरी बूट. मागे शिडी घेतलेला तरुण वायरमन नरसय्या आणि त्याचा जोडीदार.

"काय चाललंय हे?" भूपाल राव धावले. "सोहळा चाललाय!"

"तक्रार आहे, सार," नरसय्या म्हणाला. "४/८ चा दिवा बंद. अर्धा तास खांब शोधतोय. हे म्हातारबाबा भेटले, म्हणाले तारेमागे चल. तार इथं येते." त्यानं वर बोट दाखवलं. दीडशे माना पहिल्यांदा वर झाल्या. "तुमच्या नारळाचा दिवा बंद आहे, सार."

कुणीतरी फिसकन हसलं.

"मूर्खा, झाड आहे ते! मलेशियाचं!"

"मग एकदा वाजवून बघू?" वेन्नेला उठून उभी राहिली. "मॅडम, आम्ही चेंडू मारला तेव्हा टण्ण वाजला होता. चेंडू अजून यांच्याकडेच आहे."

सुगुणा मॅडमनी मान हलवली. नरसय्यानं लोखंडी पाना काढून बुंध्यावर मारला.

टण्ण!

तातय्या पुढे झाले. त्यांनी झेंडूची माळ बाजूला केली, बुंध्यावर छातीच्या उंचीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथं खरवड."

तपकिरी प्लास्टर खपलीसारखं निघालं. आत पिवळा पट्टा. पट्ट्यावर काळे आकडे, ४/८.

"रस्त्याचा खांब तुमच्या बागेत कसा?" मॅडमनी विचारलं.

"तो... मॅडम... इथं रस्ता कधी नव्हताच!"

"होता!" वेन्नेलानं अम्माच्या पिशवीतून कागद काढला. टाचण्यांनी जोडलेला नकाशा तिनं मॅडमसमोर धरला. "यांनीच छापलाय. हा यांचा फोटो."

मॅडमनी नकाशा फिरवून बघितला. "याला बाही का आहे?"

"ती सरळाक्काची आहे, मॅडम," अम्मा म्हणाली. "पण रस्ता आमचा आहे."

आता हसू कुणालाच आवरेना. भूपाल राव घामाघूम झाले आणि एकदम भडकले. "मग काय करू? रस्ता सरळ माझ्या दारावर येत होता! वास्तूवाल्या सिद्धांतींनी सांगितलं, हा वीधिपोटु आहे, रस्ता घराला भोसकतोय. माझ्या मुलाचा अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला! रस्ता बंद केल्याशिवाय तो मिळणार नव्हता!"

"मग मिळाला?" मॅडमनी विचारलं.

भूपाल राव रुमालानं कपाळ पुसायला लागले.

"मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा नाकारला," त्यांच्या बायकोनंच मागच्या रांगेतून सांगितलं. "मी म्हणत होते, पोराला आधी परीक्षा पास होऊ द्या!"

*

जी फाइल सापडत नव्हती, ती मॅडमच्या एका फोननं चाळीस मिनिटांत सापडली. तिच्यातही रोड नंबर चार गावाला मिळत होता. पाच जूनला यंत्र आलं आणि दोन्ही भिंती दुपारच्या जेवणाआधी जमीनदोस्त झाल्या. पाडायचा खर्च भूपाल रावांकडून घेतला. ढाल मॅडम परत घेऊन गेल्या.

मग सगळ्यांना कंठ फुटला. चिटणीस म्हणाला, "मला पहिल्यापासून संशय होता! शाबास पोरांनो!" कारकून हार घेऊन आला. "आमच्या गावाची हुशार मुलं!"

"अंकल, भिंत उठत होती तेव्हा तुम्ही कुठं होतात?" वेन्नेलानं विचारलं. दोघांनाही फोन आले.

सुगुणा मॅडमनी मात्र फक्त पाठ थोपटली नाही. "आणखी कुठं रस्ते असे अडलेत, सांगाल?"

वेन्नेलानं वहीचं पान फाडून दिलं. तिघांनी तीन दिवस सायकलवर फिरून यादी केली होती. एकोणतीस ठिकाणं.

"हे आमच्या माणसांना पाच वर्षांत जमलं नाही," मॅडम म्हणाल्या. वेन्नेलानं ते खरं मानलं, कारण माणसं तिनं बघितली होती.

बारा जूनला सकाळी वेन्नेला दप्तर घेऊन बाहेर आली तर फाटकाशी तातय्या उभे.

"चल. मी मोजतो," ते म्हणाले. हातात घड्याळ होतं.

चक्री मागून आला, चेहरा पाडून. "आपलं मैदान गेलं ना गं. आता इथं गाड्या येणार."

"शाळेचं आहे की!"

खांब ४/८ वर नवा दिवा लागला होता. प्लास्टिकची दोन पानं अजून शेंड्याला चिकटून होती. पलीकडून फरहीन धावत आली आणि चौघं शाळेच्या फाटकाशी पोचली.

"चार मिनिटं," तातय्यांनी घड्याळ बघितलं. "बरोबर चार."

"मग आता तुम्ही घरी जाणार?" वेन्नेलानं विचारलं.

तातय्यांनी खिशातून एक कागद काढला. एकोणतीस ठिकाणांच्या यादीची प्रत होती. पहिल्या ठिकाणावर त्यांनी काट मारली आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे गोल्डन मेडोजचं. त्या दिवशी अॅम्ब्युलन्स इथंच सर्वांत जास्त वेळ अडली होती," ते म्हणाले. "जरा बघून येतो. तू शाळेत जा. उशीर करू नकोस."

आणि रबरी बूट वाजवत ते चालायला लागले.